खुर्द्याचा हिशेब

आमच्या वाचनालयाच्या वाचक मंडळात गेल्या महिन्यात एका कपाटावरून दोन तास वाद झाला. एका वाचकाने चार रहस्य कादंबऱ्या भेट दिल्या होत्या. चारही खासगी गुप्तहेराच्या, आणि चारही कुठल्या ना कुठल्या युद्धानंतरच्या काळात घडणाऱ्या. त्या कुठल्या कपाटात लावायच्या, एवढाच प्रश्न होता. एक निवृत्त सुभेदार म्हणाले, 'युद्ध' या कपाटात तर नकोतच. जिथं परमवीरांची चरित्रं आहेत तिथं खुनाच्या गोष्टी लावायच्या म्हणजे गेलेल्यांची थट्टा. मराठीचे एक प्राध्यापक म्हणाले, 'ललित'मध्येही नकोत. रहस्यकथेला कोडं सोडवायचं असतं आणि युद्धाचं दुःख हे कोडं नव्हे. कॉलेजची दोन मुलं वैतागून म्हणाली, सर, लोकांना टाइमपास पाहिजे असतोय, लावा की रहस्यकथांच्यात आणि संपवा विषय. शेवटी पुस्तकं ग्रंथपालांच्या टेबलाखालच्या खोक्यात गेली. अजून तिथंच आहेत.

भांडत तिघंही होते, पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं आणि नेमकी तीच मला मान्य नाही. रहस्यकथा म्हणजे वेळ घालवायचं साधन, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. लढाई कशी झाली हे सांगायला आपल्याकडे पोवाडा आहे, बखर आहे, चरित्र आहे. लढाई संपल्यावर घराघरांत जे उरतं त्याचं काय? कोण परत आला, आला तो तोच आहे का, जो आला नाही तो मेला की कुठं अडकला, त्याच्या मरणाबद्दल घरच्यांना जे सांगितलं ते खरं का? हे प्रश्न मुळातच तपासाचे आहेत, आणि ते विचारायला रहस्य कादंबरीइतका जवळचा साहित्यप्रकार मला दुसरा दिसत नाही. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे, जिथं भरतीची तयारी करणारी पोरं अंधार असतानाच रंकाळ्याभोवती धावायला लागतात, तिथल्या वाचकांना तरी हे प्रश्न परके वाटायला नकोत.

ही कल्पना साहेबाकडून उसनी आणलेली आहे असंही कुणी समजू नये. पानिपताची बातमी नर्मदेच्या काठी नानासाहेब पेशव्यांपर्यंत आली ती सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामवंत सरदार, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या शेवटच्या तुकड्यापाशी किती जण थांबतात? खुर्दा म्हणजे कोण? ज्यांच्या घरी पत्र लिहायला कुणी सावकार बसला नव्हता, ते. आपला सगळा युद्धेतिहास मोत्यांचा आणि मोहरांचा आहे. खुर्द्याचा हिशेब कुणीच मागितला नाही, आणि तो मागायचा तर इतिहासकाराची साधनं पुरत नाहीत, कारण खुर्द्याचे कागद उरलेलेच नसतात. तिथं दारोदार जाऊन विचारणारा माणूस लागतो.

त्यात मोत्यांचा हिशेब तरी कुठं नीट लागला होता? 14 जानेवारी 1761 नंतर भाऊंच्या मृत्यूची सर्वांना पटेल अशी खात्री कधीच झाली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही, आणि त्या पानिपतानंतर वीसहून अधिक वर्षं जगल्या. या फटीतून सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला, रत्नागिरीला कैदेत गेला. 1776 मध्ये तिथून सुटून त्याने कोकणात बंड उभारलं, हजारो माणसं गोळा केली, शेवटी धरला गेला आणि ठार झाला. पण ती हजारो माणसं त्याच्यामागे का गेली? सगळी काही लुटीसाठी गेली नसतील. ज्या घरांत पंधरा वर्षं कुणाची तरी वाट पाहणं चालू होतं, त्यांना भाऊ परत येणं हवं होतं. भाऊ आले तर मग आपलाही येईल. त्या चौकशीत कोण कुणाला ओळखत होतं, कुणाची ओळख खरी होती आणि कुणाची सोयीची, यापेक्षा मोठं रहस्य कुठला कादंबरीकार रचणार आहे?

आता हेच सूत्र जपानात पाहा. सेइशी योकोमिझो यांची 1950 मध्ये क्रमशः यायला लागलेली एक कादंबरी आहे. एका श्रीमंत घराण्याचा वारस दुसऱ्या महायुद्धातून परत येतो तो चेहरा जळालेला, वर रबरी मुखवटा चढवलेला. घरातल्यांना संशय, हा आपलाच का? ओळख पटवायला ते देवळात ठेवलेला, लढाईवर जाण्यापूर्वी त्याने उमटवलेला हाताचा ठसा काढतात. हरलेल्या, जळलेल्या देशात त्या वर्षी अशी किती घरं असतील ज्यांच्या दारात आपलाच माणूस परका होऊन उभा होता? त्या वाचकांनी हे टाइमपास म्हणून वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आणि इंग्रजीतला सगळ्यांत गाजलेला खासगी गुप्तहेर पाहायचा तर त्याची गोष्टही लढाईपासूनच सुरू होते. शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची 1887 च्या कादंबरीतली पहिली भेट आठवा. होम्स समोरच्या अनोळखी माणसाकडे एकदा बघतो आणि सांगतो की तुम्ही अफगाणिस्तानातून आलेले दिसता. वॉटसन मैवंदच्या लढाईत जखमी झालेला, आजारी, लंडनमध्ये एकटा पडलेला लष्करी डॉक्टर आहे. मैवंद म्हणजे 27 जुलै 1880, कंदहारजवळचा इंग्रज फौजेचा जबर पराभव, साडेनऊशेहून अधिक मेले. त्या फौजेत एक गोरी पलटण होती. बाकीचं बहुतेक पायदळ आणि घोडदळ मुंबई इलाख्याच्या लष्करातलं, म्हणजे देशी शिपायांचं होतं. वॉटसनला बेकर स्ट्रीटवर खोली मिळाली, मित्र मिळाला, गोष्ट मिळाली. त्याच दिवशी त्याच रणात उभे असलेले आमच्याकडचे शिपाई घरी कसे परतले, कुणी त्यांच्याकडे बघून 'तुम्ही मैवंदहून आलात' असं ओळखलं का, हे कुठल्या मराठी कथेत आहे? पुढे 1920 मध्ये आलेला ॲगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर हर्क्युल पॉयरो हाही पहिल्या महायुद्धात देश सोडावा लागलेला बेल्जियन निर्वासितच. इंग्रजी रहस्यकथेचे हे दोन खांब युद्धाच्या जखमेवर उभे आहेत.

प्राध्यापकांचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. तो असा: रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार सापडतो, घडी बसते, वाचक पुस्तक मिटून झोपतो. युद्धात एक गुन्हेगार नसतो. लाखोंच्या मरणाची जबाबदारी एका खुन्याच्या गळ्यात बांधली की बाकीचे सगळे मोकळे सुटतात. हे खरं आहे, आणि वाईट रहस्यकथा अगदी हेच करते. आपल्या मराठी रहस्यकथेत कॅप्टन आणि मेजर कमी नाहीत, पण त्यांच्यापैकी बहुतेकांचा हुद्दा हा कोटासारखा अंगावर चढवलेला आहे. आत युद्ध नाही. त्यांना झोप लागते.

पण चांगल्या रहस्य कादंबरीत काय होतं ते नीट पाहिलं तर हा आक्षेप तिच्या बाजूनेच वळतो. तिच्यातला लहान तपास सुटतो म्हणूनच न सुटलेला मोठा तपास दिसायला लागतो. रणात मारलं तर पदक आणि गल्लीत मारलं तर फाशी, ही रेघ शांततेच्या काळात आपल्याला स्वच्छ दिसते. लढाईहून नुकत्याच आलेल्या माणसाला ती तितकी स्वच्छ दिसेल का? याला खून करायला शिकवलं कुणी, हा प्रश्न गुप्तहेराने मोठ्याने विचारला नाही तरी वाचकाच्या डोक्यात येतोच. शिवाय खुन्यापेक्षाही मला मेलेला माणूस महत्त्वाचा वाटतो. रहस्य कादंबरीची एक अट फार जुनी आहे: एका माणसाच्या मरणासाठी पानंच्या पानं खर्च करायची. तो कुठं राहत होता, काय खात होता, कुणाचं देणं होतं, खिशात काय सापडलं. लाखो मेल्यानंतर एका मरणाची इतकी बारीक चौकशी करणं हा खेळ वाटतो का कुणाला?

सुभेदारसाहेबांच्या म्हणण्याचं उत्तरही इथंच आहे. थट्टा कशाने होते? मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं, उदाहरण घेऊ. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी तिथं लढल्या. कुत-अल-अमारा इथं महिनोन् महिने वेढ्यात अडकलेल्या फौजेत मराठे होते. 29 एप्रिल 1916 ला ती फौज शरण गेली आणि पुढच्या कैदेत, वाळवंटातल्या चालीत कित्येक मेले. त्या आघाडीवर मेलेल्या आणि थडगं न मिळालेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. चाळीस हजारांवर मृतांचं ते स्मारक. अधिकाऱ्यांची नावं त्यावर कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे आकडा आला. रुपये-खुर्दा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्याच समितीने एप्रिल 2021 मध्ये हे कबूल केलं. निदान 45 ते 54 हजार मृतांचं, मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी, स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही. आणखी किमान 1,16,000, कदाचित 3,50,000 पर्यंत जणांचं, विशेषतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या, नावानिशी स्मरण झालंच नाही किंवा अजिबात झालं नाही. कथेत एखाद्या शिपायाचं नाव शोधणारा गुप्तहेर आला तर त्याने शिपायाची थट्टा झाली, की दगडावर नुसता आकडा कोरला गेला तेव्हा झाली?

माझ्या आजोळी, आजरा तालुक्यात, देव्हाऱ्यात एक तबकडी आहे. काशाची, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची, तळहाताएवढी. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि पायाशी सिंह. अंबाबाईच्या मुलखात याचा अर्थ कुणी विचारत नाही. देवी म्हणूनच ती देव्हाऱ्यात गेली आणि तीन पिढ्या तिला हळदीकुंकू लागत राहिलं. ती देवी नव्हे, ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपात काढलेलं ब्रिटन. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला इंग्रज सरकारने अशी तबकडी पाठवली. तेरा लाखांवर ओतल्या गेल्या. कडेने इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. 1919 मध्ये आमच्या डोंगरातल्या एका घरी हे वाक्य आलं. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हे विचारायलाही ते वाचता येणारं कुणी त्या घरात नव्हतं. उजव्या बाजूला एका चौकटीत मेलेल्याचं नाव असतं, हुद्दा न घालता. आमच्या तबकडीवरची ती चौकट कुंकवाच्या थराखाली बुजून गेलेली होती. घरात एवढंच सांगत की पणजीचा धाकटा दीर लढाईला गेला आणि देवी आली.

आपल्याकडे खासगी गुप्तहेर असतो कुठे, असाही एक सूर त्या सभेत निघाला. कायद्याने पाहिलं तर तो जवळजवळ नाहीच. खासगी गुप्तहेर संस्थांचं नियमन करणारं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. शहरांत ते लग्नाआधीची चौकशी करतात, एवढंच. पण पाटी लावलेला गुप्तहेरच हवा असं कुणी सांगितलं? सभा संपल्यावर याच सुभेदारसाहेबांनी चहाच्या गाड्यावर मला अर्धा तास थांबवून जे सांगितलं ते मी त्यांच्या परवानगीने लिहितो. 1971 च्या लढाईनंतर सोबत्याची ट्रंक त्याच्या घरी पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं. आईसमोर, बायकोसमोर ट्रंक उघडली. गणवेश, पत्रं, पितळी तांब्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरव्या बांगड्यांची पुडी. बायकोने रडत रडत एक बांगडी हातात घालायला घेतली, ती मुठीपुढे गेलीच नाही. "माप लई लहान होतं," सुभेदार म्हणाले. "तिनं बघितलं. म्याबी बघितलं. कोण काय बोललं न्हाई." त्या बांगड्या कुणासाठी होत्या, याचा शोध त्यांनी सुट्टी मिळेल तसा पुढची चार वर्षं घेतला. सोबत्याची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. ती मोठी झाल्यावर घालेल म्हणून घेतल्या असतील का? की त्या छावणीजवळच्या गावात कुणी होतं? एकदा ते तिथल्या कासाराच्या दुकानापर्यंत जाऊन आले. कासार मेलेला होता. "मला कळालं असतं तर मी वहिनीला सांगितलं नसतं," ते म्हणाले, "पर मला कळाय पायजे होतं."

मी त्यांना विचारलं, हे पुस्तकात आलं तर थट्टा होईल का? ते काही बोलले नाहीत. गुप्तहेर याहून वेगळं काय करतो? मराठी कादंबरीला हा माणूस हवा आहे: पलटणीतून सुटलेला, पेन्शनवर असलेला, दुसऱ्याच्या ट्रंका पोचवता पोचवता चौकशीची सवय लागलेला. त्याला ओव्हरकोटही नको आणि पिस्तूलही नको. एसटीचा पास आणि गावोगावच्या पोस्टमनशी ओळख असली की भागतं.

आणि त्याला काम कमी पडणार नाही. 1965 आणि 1971 च्या युद्धांनंतर आपले 54 जवान बेपत्ता मानले जातात; ते पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याची घरच्यांची खात्री, पाकिस्तानचा सतत इन्कार. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 108 सांगायचं की सात वर्षं ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे, तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. नव्या साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम 111 म्हणून आहे. कायद्याला सात वर्षं पुरतात. पार्वतीबाईंना वीस पुरली नाहीत. या दोन आकड्यांच्या मधली जी जागा आहे ना, तिथं कादंबरी आहे.

तिच्यासाठी लांबही जायला नको. वळिवडे कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. 1943 ते 1948 या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत रशियाने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक. दरवेळी आपण हे कोल्हापूरच्या पाहुणचाराची गोष्ट म्हणून सांगतो. तो अभिमान योग्यच आहे, पण त्या बराकींत आणखी काहीतरी चाललेलं होतं. छावणी वसली त्याच वर्षी, एप्रिल 1943 मध्ये, कॅटिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडल्याचं जर्मनीने जाहीर केलं. रशिया म्हणाला, हे जर्मनांचंच काम. 1940 च्या त्या हत्याकांडात सुमारे 22 हजार माणसं मारली गेली होती आणि ती आपण मारली हे मॉस्कोने कबूल केलं ते 1990 मध्ये. वळिवड्याच्या बराकीत बसून, समोर पंचगंगेचं उसाचं शिवार बघत, कितीजणी या बातम्यांतून एकच गोष्ट शोधत असतील की मी विधवा आहे का? खुनी कोण हे जगालाच पन्नास वर्षं कळू दिलं नाही, अशा खुनाची ती वाट पाहणारी माणसं होती. पोलिश गेले, आणि फाळणीने उठवलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी आली. आज तिथं गांधीनगरची कापडबाजारपेठ आहे, आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. एका बराकीत एकामागून एक दोन देशोधडीला लागलेली कुटुंबं राहून गेली. दुसऱ्या कुटुंबाला भिंतीच्या फटीत पहिल्याचं काही सापडलं असेल, तर ते कुणाला नेऊन दाखवणार?

मुलांच्या 'टाइमपास'ला मी फार उत्तर देत नाही. बाबूराव अर्नाळकरांची शेकडो पुस्तकं ज्यांनी भाड्याने आणून वाचली त्या पिढीला वाचनाची गोडी त्यांनीच लावली. त्यात कमीपणा कसला? फक्त एवढंच, की पान उलटायला लावणं हे गुप्तहेराचं सामर्थ्य आहे. जो वाचक 'युद्ध आणि समाज' असं नाव असलेलं पुस्तक हातात धरणार नाही, तो बांगड्यांचं माप का चुकलं हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेवणार नाही.

या वादानंतर मी दसऱ्याला आजोळी गेलो. देव घासायला काढले होते. मामीला म्हटलं, ही तबकडी मी घासतो. चिंचेच्या कोळाने कुंकवाचे थर हळूहळू सुटले, सिंहाची आयाळ दिसली, मग चौकट आणि चौकटीतली अक्षरं. मी दोनदा वाचलं, मग मोबाईलवर फोटो मोठा करून वाचलं. ते आमच्या घरातलं नाव नव्हतं. पहिलं नाव वेगळं आणि आडनावही त्याच गावातल्या दुसऱ्या भावकीचं. दोन घरांतली दोन माणसं एकाच लढाईत गेली असणार, दोन पुडकी एकाच टपालाने आली असणार आणि वाचता न येणाऱ्या गावात ती अदलाबदल होऊन वाटली गेली असणार. ते घर आता तिथं नाही. माणसं इचलकरंजीला यंत्रमागावर गेली, पुढचं कुणाला माहीत नाही.

मामी ओल्या हातांनी तबकडीकडे बघत राहिली. शंभर वर्षं दुसऱ्याच्या मुलाला कुंकू लावलं याचं तिला काही वाटलं नसावं. तिने वेगळंच विचारलं.

"मग आपला कुणाच्या देव्हाऱ्यात आसंल?"